बोटीचा राखणदार

आमच्या गावाकडच्या समुद्रात एक जुनी आगबोट बुडालेली आहे. हौशी पाणबुडे ती बघायला येतात, आणि त्यांच्या हातून ती शाबूत राहतेय ना, हे बघायचं काम आम्ही काही रिकामटेकड्यांनी अंगावर घेतलंय. मालाडच्या ऑफिसातून रजा काढायची, बुडी मारायची, दरवेळी त्याच जागांचे फोटो काढायचे आणि जुन्या फोटोंशी ताडून बघायचे. पगार नाही, सर्दी मात्र हक्काची.

होडीत मी सगळ्यांना बजावते, "बघा, फोटो काढा, पण हात लावू नका. इतिहास आहे तो." सगळे माना डोलावतात. माना डोलवायला काय जातंय?

मागच्या खेपेचे फोटो ताडले, तर खिडकीचं पितळी कडं गायब! मी चक्क रडले. आणखी काही हललं तर तिथे सगळ्यांनाच बंदी, असं पुरातत्त्व खात्याने आधीच बजावलं होतं. म्हणजे आता माझंही जाणं बंद होणार.

कांदिवलीच्या घरी आई कोलंबी सोलत होती. "इतिहासाक कोण भियता?" ती म्हणाली. "राखणदार आसा म्हणान सांग. कोणी काय उचलल्यान तर तो पाठसून घराक येता."

राखणदार म्हणजे जागेचा न दिसणारा मालक. कोकणात पावलोपावली असतो, समुद्रात कशाला नसेल?

"आई, आमचं काम शास्त्रीय आहे गं," मी म्हटलं, आणि रागाच्या भरात आईचंच राखणदाराचं वाक्य पाणबुड्यांच्या ग्रुपवर टाकलं.

रविवारी बेल वाजली. ग्रुपमधलेच मुलुंडचे एक गृहस्थ, मोठ्या हुद्द्यावरचे, काखेत टॉवेलात गुंडाळलेलं कडं.

"ताई, माझा विश्वास नाही हां असल्या गोष्टींवर," ते उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. "पण हे घरी आणलं आणि गीझर उडाला. मग सासूबाई राहायला आल्या, त्या हलतच नाहीत. राखणदार माफ करेल ना?"

आतून आई ओरडली, "करतलो! पण कोंबो व्हयो."

राखणदाराच्या नावाचे कोंबडी-वडे अख्ख्या ग्रुपने हाणले. वाढायला गृहस्थ. कडं मी रीतसर परवानगी काढून जागच्या जागी ठेवलं. फोटो जुळला तेव्हा पाण्याखाली नाचता येत नाही याचं फार वाईट वाटलं.

पुढच्या खेपेला फोटोत कड्याशेजारी दगड बांधलेला एक नारळ दिसला. माझं डोकंच फिरलं. मी मुलुंडला फोन लावला.

"बोटीला हात नाही लावला हां ताई, वरूनच सोडला," ते म्हणाले. "सासूबाई त्यांच्या घरी परतल्या ना!"