चंपाषष्ठीचा उपवास

"चंपाषष्ठीला उपवास? कुणाकडे असतो हो हा उपवास?"

काकू हसल्या. मोठ्याने नाही. ओठ मिटून, नाकातून. माझ्यासाठी आणलेली चहाची कपबशी त्यांच्या हातात होती. ती माझ्याकडे देता देता त्यांनी मध्येच टीपॉयवर ठेवली, त्यांच्या बाजूला. माझ्या शेजारी माझी नऊ वर्षांची मुलगी, सुजाता. पुण्याला जायचं म्हणून घेतलेला नवा फ्रॉक घालून. समोर काकूंचे यजमान पेपर वाचत होते. दाराशी आमचा एजंट उभा होता, आप्पा. आणि मी, भाड्याने घर बघायला आलेली बाई, सोफ्याच्या टोकावर.

काहीतरी चुकलंय एवढं मला कळलं होतं. काय चुकलंय ते कळत नव्हतं.

मी लातूरकडची. सरकारी कार्यालयात लिपिक होते. बढती मिळाली आणि बढतीबरोबर पुण्याला बदली. नवरा दूरच्या तांड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, तिथे एकटाच राहायचा, त्याची बदली इतक्यात होणार नव्हती. ठरलं असं की मी आणि सुजाताने आधी जायचं. तिला पुण्यातल्या शाळेत घालायचं. हजर व्हायला पंधरा दिवस होते आणि घर शोधायला दोन, दुसरा शनिवार आणि रविवार. घर मिळालं तर मुलगी माझ्याजवळ. नाही मिळालं तर ती खेड्यात माझ्या आईकडे आणि मी कुठल्यातरी बायकांच्या वसतिगृहात एका कॉटवर. ऑफिसातले लोक म्हणाले, पुण्यात काय, घरं शेकड्याने मिळतात.

सकाळी एसटी लोणी काळभोरच्या पुढे आली तेव्हा सुजाता जागी झाली आणि रस्त्यावरची प्रत्येक पाटी वाचायला लागली. "आई, हे पुणं का?" प्रत्येक पाटीला हेच. मी म्हणत होते, अजून नाही, अजून नाही. मला त्या दिवशी फार बरं वाटत होतं, हे कबूल करते. आपल्या मुलीला आपण पुण्याला नेतोय, असं वाटत होतं.

आप्पाचा पत्ता ऑफिसातल्या एकाने दिला होता. मूळ धायरीचा शेतकरी, आता एजंट. स्वारगेटवरून रिक्षात बसलो. बसताक्षणी तो म्हणाला, "मॅडम, सरळ इचारतो, राग मानू नका. तुम्ही कोण?"

मी सांगितलं. बौद्ध.

"मला काय नाय ओ. माझं घर आसतं तर आत्ता दिलं आसतं." त्याच्या स्वतःच्या चार खोल्या भाड्याने होत्या, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. "पण लोक इचारत्यात. तुमचं आडनाव गावावरनं हाय, ते बरं हाय, कळत नाय. पोरीचं नावबी चालतंय, समद्यांत आसतंय. फक्त देव इचारला तर खंडोबा सांगा. खंडोबा कुणालाबी चालतो."

मी मान हलवली. कुणी माझ्या गळ्यावर सुरी ठेवली नव्हती. मी शिकलेली, नोकरी करणारी बाई, आणि मी मान हलवली. वर सुजातालाही सांगितलं, "कुणी विचारलं तर आपल्या घरी खंडोबा आहे म्हणायचं."

"आपल्याकडं कुठं हाय?"

"म्हणायचं फक्त. बाकी गप्प बसायचं."

ती गप्प बसली. फार शहाणी मुलगी.

इथे माझ्या आजोबांचं सांगायला हवं. नागपूरला दीक्षा झाली त्याच्या पुढच्या वर्षी आमच्या वस्तीनेही धम्म घेतला. आजोबांनी घरातले सगळे देव, टाक, शेंदूर फासलेले दगड, एका पोत्यात भरले आणि मांजरा नदीत सोडून आले. आजी रडत होती. देव कोपेल म्हणत होती. देव कोपला नाही, गाव कोपलं. दोन महिने वस्तीला कुणी कामावर बोलावलं नाही, दुकानदाराने मीठ दिलं नाही. पाटलाने निरोप धाडला, देव परत मांडा, सगळं पहिल्यासारखं होईल. आजोबांनी एक दगडसुद्धा परत आणला नाही. उपाशी राहिले. माझ्या वडिलांच्या पोटाला तेव्हा अंबाडीची भाजी आणि पाणी, एवढंच. त्या पोत्यात खंडोबाचा टाकही होता. आजोबांनी बुडवलेला देव मी दोन खोल्यांच्या घरासाठी वर काढला.

घर चांगलं होतं. सिंहगड रस्त्याच्या आतल्या गल्लीत, दुमजली. खाली काकू आणि त्यांचे यजमान, वरचा मजला भाड्याला. काकू निवृत्त शिक्षिका. पेठेतून इकडे राहायला आलेलं कुटुंब. स्वयंपाकघरात भरपूर उजेड. मागच्या खिडकीतून डोंगर दिसत होता. सुजाताने त्या खिडकीखालची जागा हाताने मोजली आणि माझ्या कानात म्हणाली, "इथं माझं टेबल." काकूंनी ते ऐकलं. "अभ्यासू दिसतेय," म्हणाल्या. कौतुकाने म्हणाल्या. खोटं कशाला सांगू?

मग खाली बोलावलं. चहा टाकला. आणि प्रश्न सुरू झाले, एकेक, अगदी गोड.

"मूळचे कुठले आपण?"

"लातूरकडचे."

"लातूरकडचे म्हणजे?"

मी गावाचं नाव सांगितलं. त्यांना गाव नकोच होतं. त्या म्हणाल्या, "कुलदैवत कोणतं?"

"खंडोबा."

त्यांचा चेहरा खुलला. "अगबाई! आमचंही खंडोबाच. मग काय, घरचीच माणसं म्हणायची. मी तर सहा दिवस नंदादीप लावते. तुमच्याकडे काय असतं चंपाषष्ठीला?"

मला चंपाषष्ठी म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. कॅलेंडरवर नाव वाचलेलं. मी मनात हिशेब केला, देवाचा मोठा दिवस आहे, म्हणजे उपवास असणार. ऑफिसातल्या सगळ्या बायका मोठ्या दिवशी उपवासच करायच्या. मी ठामपणे सांगितलं, "कडक उपवास असतो."

तिथेच ते हसू आलं. नाकातून.

"अहो, ऐकलंत का?" काकू यजमानांना म्हणाल्या. "यांच्याकडे चंपाषष्ठीला उपवास असतो म्हणे." पेपर खाली आला. चष्म्यावरून दोन डोळ्यांनी मला एकदा पाहिलं. पेपर परत वर गेला. काकू माझ्याकडे वळल्या. शिकवण्याच्या आवाजात सांगू लागल्या, "त्या दिवशी वांग्याचं भरीत आणि रोडगा असतो, बाई. चातुर्मासात सोडलेलं वांगं त्या दिवशी खातात. खंडोबाच्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल."

माझे कान तापले. आप्पा दारात भिंतीकडे बघत होता.

मग काकू पुढे वाकल्या. सुजाताच्या हनुवटीला हात लावून म्हणाल्या, "तू सांग गं बाळ. तुमच्या घरी देव कोणता?"

सुजाताने माझ्याकडे पाहिलं. मी काहीच केलं नाही. मान नाही हलवली, नको म्हटलं नाही, उठले नाही. तिने खाली पाहिलं आणि शाळेत उत्तर देतात तसं, हात मांडीवर ठेवून, सांगितलं, "खंडोबा."

"पढवलंय मात्र छान," काकू म्हणाल्या.

हे वाक्य मी आजपर्यंत विसरलेले नाही. जातीवरून शिव्या मी लहानपणी खाल्ल्या होत्या. दुरून पाणी वाढलेलं पाहिलं होतं. पण तेव्हा आमची मान वर असायची, कारण आमच्याकडे लपवण्यासारखं काही नव्हतं. इथे माझ्या मुलीने माझ्यासाठी मान खाली घातली होती, आणि तिला ती मीच घालायला लावली होती.

काकू उठल्या. आवाज तसाच, साखरेतला. "हे बघा, आम्ही जातपात मुळीच मानत नाही. आपण कोण हे मी विचारलंही नसतं. पण खोटं मात्र आम्हाला चालत नाही. सरळ सांगितलं असतंत तर गोष्ट वेगळी होती." चहा टीपॉयवरच राहिला. कुणी घ्या म्हटलं नाही.

बाहेर आल्यावर आप्पा माझ्यावरच तापला. "मॅडम, मी खंडोबा म्हनलो होतो. उपास कशाला म्हनलात?" थोड्या वेळाने शांत होऊन म्हणाला, "उद्या एक जागा हाय. तिथं भवानी सांगा. नवरात्राचं समद्यांना म्हाईत आसतंय, तिथं चूक व्हायची नाय."

संध्याकाळी मी सुजाताला बुधवार पेठेत नेलं. नव्या शाळेची पुस्तकं घेऊन देईन असं कबूल केलं होतं, शब्द फिरवता येईना. दुकानात गर्दी होती. ती इतिहासाचं पुस्तक चाळत होती. चाळता चाळता, वर न बघता, तिने विचारलं, "आई, शाळेत पण खंडोबाच सांगायचं का? का भवानी?"

दुकानदार पुस्तकं बांधत होता. माझ्या अंगाची लाही लाही झाली. काकूंचा राग येत होता, आप्पाचा येत होता, पण सगळ्यात जास्त स्वतःचा येत होता. ही मुलगी उद्या नव्या वर्गात बसेल. मैत्रीण डबा उघडून विचारेल. आणि ही आधी आठवेल, कुठे काय सांगायचं ठरलंय ते. असं जन्मभर. मी तिला पुण्यात शिकायला आणत होते आणि पहिल्याच दिवशी मी तिला हे शिकवलं होतं.

मी तिला दुकानातच सांगितलं. "नाही. काहीच खोटं सांगायचं नाही. आई चुकली." आजूबाजूचे दोघे वळून बघायला लागले. बघू देत.

रविवारी सकाळी मी आप्पाला फोन केला नाही. सुजाताला घेऊन सरळ काकूंच्या दारात गेले. जाळीचा दरवाजा होता. काकू आतून आल्या, जाळी उघडली नाही.

"काल तुम्ही म्हणालात, सरळ सांगितलं असतं तर गोष्ट वेगळी होती," मी म्हणाले. "म्हणून सरळ सांगायला आले. आम्ही बौद्ध आहोत. पूर्वीचे महार. आमच्या घरी खंडोबा नाही, कुठलाच देव नाही. काल मी खोटं बोलले, मुलीलाही बोलायला लावलं. ते चुकलं. घर मला आवडलंय. द्याल का?"

त्या म्हणाल्या, "अहो, पण जागा कालच गेली. यांच्या भाच्याला द्यायची ठरलीये."

"केव्हा ठरलं?"

"संध्याकाळी."

फाटकावर 'वरचा मजला भाड्याने देणे आहे' ही पाटी होती. सुजाता पाट्या वाचते. तिने तीही वाचली, मोठ्याने, पूर्ण. काकूंनी ऐकलं.

"काकू," मी म्हणाले, "मी माझं खोटं कबूल करायला तुमच्या दारात आले. तुम्ही तुमचं कुणाच्या दारात जाऊन कबूल करणार?"

आतून यजमानांचा आवाज आला, "कोण आहे गं?" त्या म्हणाल्या, "कुणी नाही." आणि दार लावलं. आपटलं नाही. अगदी सावकाश लावलं.

त्या दिवशी मी धायरीपर्यंत पायी हिंडले. मुलगी हाताला. पाटी दिसली की बेल वाजवायची आणि चप्पल काढायच्या आधी सांगायचं, आम्ही बौद्ध आहोत, चालत असेल तर घर बघते. सहा दारं झाली. एक बाई म्हणाली, "आमचं काय नाय ताई, पण वरचे भाडेकरू कटकट करत्यात." एकाने विचारलं, मटण खाता का, आणि त्याच्याच घरातून मटणाचा वास येत होता. एक म्हातारा खरोखर ओशाळला, म्हणाला मुलाला विचारतो, आणि मुलाने आतूनच नाही म्हणून सांगितलं. सहावं दार बंद झालं तेव्हा सुजाता म्हणाली, "आई, आता मी सांगू?" सातव्या दाराशी तिने सांगितलं. मान वर करून. तिथेही नाहीच म्हणाले.

दुपारच्या गाडीने आम्ही परत गेलो. घर न घेता.

मी ठरल्या दिवशी हजर झाले. वसतिगृहात कॉट मिळाली. सुजाता माझ्या आईकडे राहिली, अकरा महिने. त्या अकरा महिन्यांत तिला एकदा टायफॉइड झाला आणि मला तार दोन दिवसांनी मिळाली. तिच्या वर्गाचं स्नेहसंमेलन मी पाहिलं नाही. ती माझ्याशी फोनवर अहोजाहो करायला लागली होती, पाहुण्या बाईशी करावं तसं. मग एक खोली मिळाली, आमच्याच माणसांच्या वस्तीत, पुण्याच्या पार दुसऱ्या टोकाला.

लोक म्हणतात, झालं गेलं, तुम्ही तर आता पुणेकरच झालात. एका सहकारी बाईने तर सांगितलं, थोडं जुळवून घेतलं असतंत तर मुलीची आबाळ झाली नसती. ती बाई चांगली आहे. तिला मी शांतपणे सांगितलं, आबाळ मी केली नाही. ज्यांनी दार लावलं त्यांनी केली. त्यांची नावं मला पाठ आहेत, घरंही मला ठाऊक आहेत.

ते अकरा महिने मी माफ केलेले नाहीत. करणारही नाही. आणि खोटं बोलून ते टाळायला हवे होते, असं मला त्यातल्या एकाही दिवशी वाटलं नाही.