पांढऱ्या टॉवेलवरचे काळे ठिपके

मागच्या उन्हाळ्यात, एका मंगळवारी सकाळी, सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्यातला माग सारखा थांबू लागला. कापडात दोष नव्हता. माग थांबवत होता आमचा कॅमेरा.

दोष दिसताच माग थांबवणारा प्रोग्रॅम आमच्या चौघांच्या ऑफिसने केला होता. लिहिला होता अक्कांनी. वयाने आमच्यात मोठ्या, घरी तेलुगू, वडील विणकर. हा कारखाना आमचं एकमेव गिऱ्हाईक. ते गेलं तर ऑफिस बंद आणि मी नोकरीसाठी पुण्याला, हे ठरल्यासारखंच होतं.

अक्कांचं एक नेहमीचं वाक्य होतं. कोणी एकेका आकड्याची बेरीज करायला लागलं की पाची बोटं पसरून म्हणायच्या, "धोटा एकेका धाग्याखालून जातो व्हय रे? सगळ्या ताण्यातून एकदम जातो की!" आडवा धागा घेऊन मागात इकडून तिकडे धावतो तो धोटा, आणि उभे ताणलेले धागे म्हणजे ताणा.

व्हेक्टर गणित मला त्यांनी असं शिकवलं. चित्रातला प्रत्येक ठिपका म्हणजे शून्य ते दोनशे पंचावन्नमधला एक आकडा. प्रोग्रॅम प्रोसेसरच्या भाषेत आणणाऱ्या कंपायलरने दिलेली खास फंक्शन्स वापरली की प्रोसेसर अशा सोळा ठिपक्यांच्या बेरजा एका दमात करतो. आमचा स्वस्तातला प्रोसेसर मागाच्या वेगाला पुरत होता तो त्यामुळेच.

"अक्का, कॅमेऱ्याला चष्मा लावा की," आम्ही कारखान्यात पोचताच मागावरचे चाचा म्हणाले. मालक हसले नाहीत. "संध्याकाळपर्यंत बघा. न्हाईतर उतरवून न्या."

"व्हेक्टरच्या आधीचं, एकेक ठिपक्याचं जुनं गणित लावू या का?" मी विचारलं.

"ते गणित होईतोवर टॉवेल धुऊन वाळत पडतील," अक्का म्हणाल्या.

अक्कांनी कॅमेऱ्याच्या चित्रातले आकडे तपासले आणि कारण सापडलं. शेडमध्ये उजेड कमी, म्हणून प्रोग्रॅम प्रत्येक ठिपक्यात थोडा उजळपणा मिळवत असे. पांढऱ्या धाग्याचा आकडा मुळातच मोठा. बेरीज दोनशे पंचावन्नच्या पुढे गेली की पुन्हा शून्यापासून सुरू होई आणि पांढरा ठिपका काळा, म्हणजे दोष, ठरे. जुन्या गणितात त्यावर तपासणी होती, नव्यात राहून गेली. चाचणी आम्ही चौघांनी केली होती, पण लाल-जांभळ्या चादरींवर; पांढरे टॉवेल आमच्या कॅमेऱ्याखाली त्या सकाळीच पहिल्यांदा आले होते. सोलापुरात राहून पांढरं कापड कोणाला आठवलं नाही.

"चूक माझी हाय," अक्का मालकांना म्हणाल्या. दुसऱ्या कोणाचं नाव त्यांनी घेतलं नाही.

बेरीज कमाल आकड्यावर थांबवणारं दुसरं फंक्शन त्यांनी तिथेच घातलं. एक ओळ बदलली. माग सुरू झाला, बराच वेळ चालला आणि थांबला. चाचांनी कापड चाचपलं.

"हाय की! धागा तुटलाय हितं."

"राहू द्या कॅमेरा," मालक म्हणाले.

दिवाळीनंतर अक्का मुलीकडे हैदराबादला राहायला गेल्या. ऑफिस सुरू आहे. नव्याने येणाऱ्यांना व्हेक्टर गणित मी शिकवतो, सोलापुरातच.