थेंबमामाचा उतार

माझ्या मामाला नावाने हाक मारणारं माणूस आता माझ्या आईखेरीज कुणी उरलेलं नाही, आणि तीही त्याला दादाच म्हणते. बाकी सगळे त्याला थेंब म्हणतात. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण आपण सगळे शाळेत शिकतो आणि परीक्षेनंतर विसरतो. मामाने ती म्हण एकदाच ऐकली आणि तिच्यावर अख्खा जन्म काढला.

चाळीस वर्षं त्याने एकच टॅक्सी चालवली. आमच्या गावातून डोंगर चढायचा, पलीकडे उतरायचं, मोठ्या गावात प्रवासी सोडायचे आणि परत यायचं. तसल्याच जुन्या पेट्रोल गाडीत स्टँडवरच्या इतरांना लिटरमागे दहा किलोमीटर पडायचे, मामाला चौदा. लोक म्हणायचे, हा थापा मारतो. मग एकदा चौघांनी मिळून टाकी गळ्यापर्यंत भरली, झाकणावर सही करून कागद चिकटवला आणि संध्याकाळी पुन्हा गळ्यापर्यंत भरून पाहिली. चौदाच्याही वर निघाले. त्या दिवशी तो थेंब झाला.

त्याच्या खोडी पाहायला मजा यायची. गाडी चालवताना उजव्या पायातली चप्पल तो काढून सीटखाली सरकवायचा, डावी मात्र पायातच. अनवाणी पायाला पेट्रोल कळतं म्हणायचा. दर आठवड्याला प्लग काढून त्याचा रंग बघायचा. काळा पडला असेल तर गाडी जास्त पितेय, पांढरा असेल तर उपाशी आहे, विटकरी असेल तर तब्येत छान. मग कार्बोरेटरचा स्क्रू कान लावून पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे. आणि सगळ्यात मोठी खोड म्हणजे डोंगरमाथा आला की इंजिन बंद. पायथ्यापर्यंतची नऊ वळणं गाडी नुसती घरंगळत यायची. "डोंगर आपल्याला फुकट खाली सोडतोय, त्याला नको कशाला म्हणायचं?"

आधी ही काटकसर नुसती हौस होती; पुढे तिचा ध्यास झाला तो कंजूषपणातून नव्हे. तो भीतीतून आला होता, आणि त्या भीतीला मी कारण आहे.

छत्तीस वर्षांपूर्वी आईला कळा सुरू झाल्या आणि मामाने तिला गाडीत घातलं. माथ्याच्या दोन वळणं अलीकडे गाडीतलं पेट्रोल संपलं. मामाने एकट्याने गाडी ढकलायला घेतली, मागून आलेल्या ट्रकवाल्याने हात लावला, पण तोवर मागच्या सीटवर माझा जन्म झाला होता. आईला रक्तस्राव फार झाला. दवाखान्यात दोन दिवस ती जाते की राहते असं चाललं होतं. वाचली. तिला काय झालं विचारणाऱ्या प्रत्येकाला मामा एकच सांगायचा, "काटा खोटा निघाला. पाव टाकी दाखवत होता आणि टाकीत ठणठणाट." दुसऱ्या दिवशी त्याने पेट्रोलच्या काट्यावर काळी चिकटपट्टी लावली. खोट्याचं तोंड कशाला बघायचं, असं म्हणायचा. तेव्हापासून तो किलोमीटर मोजायचा, बोटांवर हिशेब करायचा आणि तरी सारखा विचारायचा, "पुरेल ना?" दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, तसलं ते प्रकरण. आम्ही हसायचो.

दोन वर्षांपूर्वी आईच्या किडन्या गेल्या आणि आमचं हसू थांबलं.

आठवड्यातून तीनदा, सकाळी बरोबर दहाला, पलीकडच्या गावातल्या दवाखान्यात तिला डायलिसिसच्या यंत्राला जोडावं लागतं. चार तास. दहाची वेळ चुकली की पलंग दुसऱ्याला देतात. एकदा पाळी चुकली तर तिचे पाय सुजतात, दोनदा चुकली तर छातीत पाणी भरतं. हे मला डॉक्टरांनी इतक्या शांतपणे सांगितलं की मला त्यांचा राग आला. मी कचेरीत नोकरी करते, आठवड्यातून तीन दिवस रजा मिळत नाही. मामा म्हणाला, "मी आहे ना." आणि अडुसष्टाव्या वर्षी त्याने म्हातारी टॅक्सी पुन्हा त्याच रस्त्याला काढली. पण त्या गाडीच्या पेट्रोलच्या वासाने आईला डोंगर चढेपर्यंत ओकाऱ्या यायच्या, आणि सकाळी ती गाडी चोक ओढूनही कधी सुरू व्हायची, कधी नाही. घड्याळाकडे बघत माझा जीव टांगणीला. शेवटी मी कर्ज काढून नवी पेट्रोल गाडी घेतली आणि म्हातारी मामाच्या जुन्या फिटर मित्राच्या वर्कशॉपमध्ये गेली.

"लिटरला एकवीस देते," मी मामाला सांगितलं.

"कोण म्हणतं?"

"पडद्यावर येतं. अजून किती किलोमीटर जाईल तेही येतं."

"म्हणजे काट्याचीच मुलगी," मामा म्हणाला. "बाप खोटा, लेक खरी कुठून निघणार?"

पडद्यावर पट्टी लावायला मी नाही म्हटलं. मग त्याने हातरुमालाची घडी करून ती स्टिअरिंगमागच्या आकड्यांवर अंथरायला सुरुवात केली. मी दुर्लक्ष केलं. आई आणि मामा वेळेवर पोचत होते, वेळेवर परतत होते. आई एकदा म्हणालीसुद्धा, "नवी गाडी उतारावर काय शांत जाते गं! इंजिन आहे की नाही कळत नाही." मला बरं वाटलं. माझी अक्कल तेव्हा कुठे चरायला गेली होती देव जाणे.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी घरातल्या कुणाला तरी भेटायला बोलावलं. का, ते फोनवर सांगितलं नाही. सकाळी रजा टाकून मी मागे बसले. आई पुढे, मामाच्या शेजारी, कारण मागे बसलं की तिला मळमळतं. नऊ वाजून दहा मिनिटांनी आम्ही माथ्यावर पोचलो. मामाने किल्ली अलगद मागे फिरवली आणि पुन्हा एक खटका पुढे आणली. आवाज गेला. आधी वाटलं, हीच ती शांतता. तिसऱ्या वळणावर रुमाल घसरून खाली पडला आणि मागून मला दिसलं, पडद्यावर लाल दिवे पेटलेले होते.

"मामा, गाडी बंद आहे?"

"उतार आहे ना," तो म्हणाला, जसं काही मीच वेडी.

पाचव्या वळणाला समोर पाण्याचा टँकर आडवा. वळताना त्याचं मागचं चाक चरात गेलं होतं आणि रस्ता भरला होता. मामाने ब्रेक दाबला. गाडीचा वेग थोडा कमी झाला. सोडून पुन्हा दाबला. तिसऱ्यांदा दाबला तेव्हा त्याचा गुडघा ताठ झालेला दिसला, पण गाडी पळतच होती. "दगड झालाय," तो म्हणाला. "ब्रेक दगड झालाय." स्टिअरिंग फिरवायला त्याने दोन्ही खांदे लावले. आईने एक हात पुढे टेकला. दुसरा, ज्यात सुया टोचतात तो, छातीशी धरला. मी काय ओरडले ते मला आठवत नाही. मामाने हँडब्रेक उपटल्यासारखा ओढला, मागची चाकं किंचाळली आणि गाडी तिरकी होऊन कठड्याशी थांबली. आईच्या दारात आणि दगडात माझा हात कसाबसा शिरला असता.

कुणाला काही लागलं नाही. मामाचा अनवाणी पाय ब्रेकवर तसाच होता.

मी खाली उतरून त्याचं दार उघडलं. "किल्ली दे. परवापासून दुसरा ड्रायव्हर बघते मी." मामाशी मी जन्मात अशी बोलले नव्हते. त्याने किल्ली दिली, चप्पल शोधली आणि मागे जाऊन बसला. टँकर निघाला, आणि दहाला चार मिनिटं कमी असताना मी आईला दवाखान्यात पोचवलं. डॉक्टरांचं काम साधंच निघालं. सुई टोचतात त्या हातातली शीर कमजोर होतेय, धक्का लागू देऊ नका, हाताला जपा. मी मान डोलावली आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून रडले.

आईला चार तास होते. ब्रेक तपासल्याशिवाय मी तिला परत बसवणार नव्हते, म्हणून मामाला घेऊन त्याच गावातल्या त्याच्या फिटर मित्राकडे गेले. फिटर त्याच्याच वयाचा, पण काळाबरोबर बदललेला. भिंतीवर पान्यांच्या शेजारी वायरी लोंबत होत्या. सगळं ऐकून त्याने आधी मामाला दोन शिव्या हासडल्या.

"अरे शहाण्या, हिच्या ब्रेकला इंजिनाचा दम लागतो. इंजिन बंद केलंस की दोन-तीन दाबांत दम संपला. तुझ्या म्हातारीला तो प्रकारच नव्हता, तिचा ब्रेक पहिल्यापासून दगडच होता. चल, बस."

तो आम्हाला वर्कशॉपमागच्या उतारावर घेऊन गेला. एक बटण दाबून त्याने आम्ही कधी न उघडलेला आकडा पडद्यावर आणला. या घडीला किती पेट्रोल जातंय, तो आकडा. मग गाडी गिअरमध्येच ठेवून पाय नुसता उचलला. आकडा घसरत गेला आणि शून्यावर थांबला.

"चाक इंजिनाला फिरवतंय," फिटर म्हणाला. "पेट्रोल बंद. ही स्वतःच बंद करते. आता न्यूट्रल टाकतो, बघ." आकडा पुन्हा वर आला. "आता तिला स्वतःला जागं ठेवायला प्यावं लागतंय. म्हणजे न्यूट्रलला जास्तच जातं, आणि इंजिन बंद करून तू शून्याच्या खाली काय वाचवणार? तुझ्या कार्बोरेटरला हे कळत नव्हतं, उतारावरही तो पाजत बसायचा. तेव्हा तू बरोबर होतास, थेंब. आता गाडी तुझ्यापेक्षा थेंब आहे."

मामा त्या शून्याकडे बघत राहिला. माझा राग तिथे थोडा ओसरला. चाळीस वर्षं पायाच्या तळव्याने शिकलेली विद्या, आणि ती ही गाडी पोटातूनच शिकून आली होती.

ब्रेक ठीक होते. निघताना कोपऱ्यात म्हातारी टॅक्सी दिसली. बॉनेट उघडं, अर्धे भाग काढलेले. फिटर सहज म्हणाला, "तुझी ती चिकटपट्टी काढली रे. काटा ठणठणीत निघाला. लिटर लिटर घालून पाहिला, केसाचाही फरक नाही. कधी दुरुस्त करून घेतलास?"

"घेतला असेल," मामा म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला. मला वाटलं, सकाळचा धक्का आहे.

दोनला आई बाहेर आली, पिळून काढल्यासारखी दमलेली. ती पुढे बसली, मी चालवायला, मामा मागे. चढ पार केला. समोर आपल्या बाजूचीही नऊ वळणं होती.

"पाय उचल," मागून मामा म्हणाला. "गिअर तसाच राहू दे."

मी पाय उचलला. इंजिन गुरगुरत राहिलं, गाडी आपली आपण आवरत उतरू लागली. आकडा शून्यावर आला. मामा दोन सीटच्या मधून वाकून तो बघत होता. दोन वळणं गेली.

"काटा खोटा नव्हता," तो म्हणाला.

मला आधी कळलंच नाही तो कशाबद्दल बोलतोय.

"तुला घेऊन निघालो होतो तेव्हा," तो आईला म्हणाला. "काटा तळाला टेकला होता. पाहिलं होतं मी. पंप मागे राहिला होता, परत फिरायला दहा मिनिटं गेली असती. मला वाटलं, दुसऱ्याला पुरणार नाही, मला पुरेल. मी थेंब ना! माझा तोरा नडला. आणि सगळ्यांना सांगत सुटलो, काटा खोटा."

आईचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं, झोपली असावी, बरं झालं.

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"दादा, निघताना मी पुढेच बसले होते. मला मागे मळमळतं. कळा सोसेनात तेव्हा तू मला मागे निजवलंस. तोवर काटा माझ्या डोळ्यांसमोरच होता."

मामाचा हात माझ्या सीटच्या पाठीवर होता. तो घट्ट झालेला मला जाणवला. "मग छत्तीस वर्षांत बोलली का नाहीस?"

"तेव्हा बोलायचं त्राण नव्हतं. नंतर तू पट्टी लावून बसलास. गाडी सुरू करताना रोज तिच्यावरून बोट फिरवायचास. मी अजून काय बोलणार?" तिने सुयांचा हात मांडीवर नीट ठेवला. "परवा दहाला पोचायचंय. हिला रजा नाही. इंजिन चालू ठेवून नेशील ना?"

मी तोंड उघडलं. दवाखान्यात विचारून घेतलेला दुसऱ्या ड्रायव्हरचा नंबर माझ्या पर्समध्ये होता. भीती अजूनही होती, खोटं कशाला बोलू, आजही ते दोघं निघाले की पोचल्याचा फोन येईपर्यंत माझं कामात लक्ष लागत नाही. पण विचारणारी ती होती, आणि जीव तिचा होता. नंबर मी पर्समध्येच राहू दिला.

"नेईन," मामा म्हणाला.

शेवटचं वळण संपून सपाटी लागली. मी पुन्हा पाय दाबला. मामा अजून मधून वाकलेलाच होता, पण आता तो शून्याकडे बघत नव्हता, त्याच्या शेजारी बघत होता.

"काटा पावावर आलाय," तो म्हणाला. "पुढच्या पंपावर थांब. टाकी भरून घेऊ."