चार डबे आणि एक भाची

नाशिकहून इंदूरला निघालो तेव्हा माझ्या मांडीवर बाळाच्या दुधाच्या पावडरीचे चार थोरले डबे होते. सेंधव्याच्या घाटात बस अशी उसळली, की पुढच्या बाकावरच्या आजोबांची टोपी माझ्या डोक्यावर आली आणि माझी खिडकीतून कुठल्या गावी गेली ते मला आजतागायत कळलेलं नाही. पण डबे सोडले नाहीत. धाकट्या बहिणीची, सुनंदाची, तीन महिन्यांची लेक वजन धरत नव्हती. "दूध पुरत नाही!" असं माझ्या मेव्हण्यांनी, वसंतरावांनी, एसटीडी बूथवरून ओरडून कळवलं होतं. त्या आवाजाला मधे तार नसती तरी चाललं असतं. मग काय, टीव्हीवरच्या गुटगुटीत बाळांना स्मरून मामा निघाला.

इंदूरला उतरताच पोहे खाल्ले. वर शेवेचा डोंगर, त्यावर जिरावन (चिमटीनं भुरभुरायचा आंबट-तिखट मसाला). खालचे पोहे शोधायला शेवटी गाडीवाल्याला हाक मारावी लागली. तो म्हणाला, "भिया, पोहे तो बहाना है, और डालूं क्या?" आणि शेव टाकून मोकळा झाला.

छत्रीबागेतल्या सुनंदाच्या गल्लीत निम्मे पुरुष कापड मिलमधले, आणि मिलला कुलूप लागलेलं. त्यामुळे भर सकाळी प्रत्येक ओटल्यावर (आपला ओटा) माणसं. माझे डबे दिसताच सगळी गल्ली उठली. "मामाजी आले! माल लाए हैं!" अशी मिरवणूक थेट कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात. एका पारड्यात दुपटं घालून भाची ठेवली, दुसऱ्यात माझे चारही डबे. डबे धाडकन खाली आले आणि भाची वर. कोणी हसलं नाही. सुनंदानं तिला झटकन उचललं आणि तोंड फिरवून घरी गेली.

मागोमाग सल्लेही घरात शिरले. मिलमध्ये साचे (माग) चालवणारे पाठककाका म्हणाले, "हळीवाची खीर दो." रंगखात्यातले दुबेजी म्हणाले, "घुटी चटाओ." ज्यांनी जन्मात स्वतःचं पोर मांडीवर घेतलं नसेल, ते दुधावर परिसंवाद करत होते. सुनंदाच्या सासूबाई, म्हणजे माई, वैतागून म्हणाल्या, "दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलंय, सहा महिने आईचंच दूध, पाणीसुद्धा नको. मागेल तेव्हा पाजा म्हणाल्या."

मी तरीही उदार मनानं डबा पुढे ओढला आणि झाकणाला चमचा लावला.

"दादा, ठेव तो खाली!" सुनंदा कडाडली. "दूध भरपूर आहे मला, पदर भिजतो नुसता. बसायला जागा नाही! थोरल्याच्या वेळी मिल चालू होती. भोंगा झाला की हे सगळे जायचे, आम्ही बायका अंगणात निवांत पाजत बसायचो. अब दिनभर सगळे घरात! खोली एक. ही तोंड लावते न लावते तोच कोणीतरी खाकरत येतं, 'वसंता है क्या?' मी उठते, ही उपाशी!"

दुबेजींनी तोंडातला तंबाखू तसाच गिळून टाकला. वसंतराव भिंतीकडे पाहत होते. मिल बंद झाल्यापासून ते घराबाहेर फारसे पडलेच नव्हते. जायचं कुठे, हाच प्रश्न.

माई उठल्या. स्वयंपाकाची थाळी घेतली आणि तिच्यावर लाटणं असं हाणलं, की राजवाड्यावरची कबुतरं उडून थेट देवासला उतरली असणार.

"चलो! फर्स्ट शिफ्ट!"

आणि काय सांगू, सगळे खटकन उभे राहिले! इतक्या वर्षांची सवय; पाठककाकांनी तर चालता चालता सदऱ्याची बटणं लावली. माईंनी दारात उभं राहून हातात पोळी-भाजीचे डबे दिले. मी आत टेकायला गेलो तर म्हणाल्या, "तुम्ही पण निघा, मामा. तुम्हाला का वेगळा कायदा?"

अशा रीतीनं बाळाला वाचवायला आलेला मी बंद मिलच्या फाटकासमोर निंबाखाली पत्ते कुटू लागलो. पहिल्या दिवशी वसंतराव फाटकाशी गेले, कुलूप एकदा ओढून पाहिलं आणि परत येऊन म्हणाले, "बांटो यार." संध्याकाळी पुन्हा थाळी वाजली की घरी. दुसऱ्या दिवसापासून रोज हीच शिस्त.

अंगणात मात्र बायकांचं राज्य. वाटेल तेव्हा, वाटेल तितका वेळ सुनंदा पाजत बसायची. एकदा विसरलेल्या चष्म्यासाठी मी दाराशी आलो, तर आतून असं हसणं ऐकू आलं, की चष्म्याशिवायच परतलो.

तीन आठवड्यांनी निघायचं ठरलं, तेव्हा गल्ली पुन्हा दुकानात. तेच दुपटं, तेच न उघडलेले डबे. भाचीचं पारडं हललं, डुललं आणि ठाम खाली बसलं. माझे डबे नाकासमोर तरंगायला लागले.

"भिया," दुकानदार म्हणाला, "मामा का माल हल्का निकला!"

सुनंदा इतकी हसली, की भाचीही दचकून हसली. माई म्हणाल्या, "सहा महिने पुरे झाले की उष्टावणाला या. पहिला घास मामानंच भरवायचा. डबेबिबे नकोत, मऊ भात घरात आहे."

परतीच्या बसमध्ये डबे पुन्हा मांडीवर. टोपी नव्हतीच, त्यामुळे घाटात तेवढी चिंता कमी. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय आहे हो यांत?"

"वजनं," मी म्हणालो.