आत्याबाईंचं कालवण

माझं माहेर रत्नागिरीच्या कडेला, समुद्राला अगदी चिकटलेली, मासे मारणाऱ्या खारव्यांची वस्ती. सासर केडगाव, नगर शहराच्या कडेला, पुणे रस्त्यावर. दोन्हीकडे शहर हाकेच्या अंतरावर आणि दोन्हीकडे पाण्याची कटकट. तिकडे भरतीचं पाणी अंगणात यायचं, इकडे टँकर कधी येईल म्हणून आम्ही दारात बसतो. सुनील कांद्याचा टेम्पो घेऊन रत्नागिरीला यायचा, तिथे आमचं जमलं. घरी न विचारता लग्न केलं म्हणून आईने माझ्याशी बोलणं टाकलं. सासूने मात्र ओवाळून घरात घेतलं आणि पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "घरात मासं-मटन, कसलं वशाट शिजत न्हाई. भाईर खाल्लं तर मी इचारनार न्हाई."

सासूबाईंचं नाव मुक्ताबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्या मूळच्या पाथर्डीकडच्या. नवऱ्याबरोबर दरसाल श्रीगोंद्याकडे ऊस तोडायला जायच्या. नवरा गेल्यावर पोराला घेऊन केडगावात आल्या आणि भाजी विकून दोन खोल्या बांधल्या. तोंडाने भारी फटकळ. गिऱ्हाईक मेथीची जुडी फार उलटीपालटी करायला लागलं की विचारतात, "भाजी करायची हाय का लगीन लावायचं हाय तिचं?" गळ्यात लहानपणापासून तुळशीची माळ. संध्याकाळी देवळात भजनाला पुढच्या रांगेत त्यांची जागा ठरलेली. दुसरं कुणी चुकून तिथे बसलं तर नुसत्या नजरेनेच उठवायच्या.

माझं पहिलं बाळ राहिलं नाही. दुसऱ्यांदा दिवस गेले आणि पोटात अन्न ठरेना. वजन वाढायचं सोडून घटायला लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असंच चाललं तर बाळाचं काही खरं नाही, आणि कॉटवरून उठायचं नाही. आत्याबाईंनी लापशी केली, खीर केली, थालीपिठं लावली. सगळं उलटून पडलं. सुनीलने खानावळीतून मासे आणले, तर त्यातल्या काळ्या मसाल्याच्या वासानेच मला कसंतरी झालं. शेवटी आत्याबाई उशाशी येऊन बसल्या. "लाजू नगं. खरं सांग, काय खावं वाटतंय?"

"आईच्या हातचं बांगड्याचं कालवण," मी म्हणाले. "ओलं खोबरं आणि आमसूल घातलेलं."

त्या उठून गेल्या. मला वाटलं, रागावल्या. मी तोंडावर पांघरूण ओढून रडले.

दुसऱ्या दिवशी जाग आली तर देवाजवळच्या खिळ्याला त्यांची माळ टांगलेली. बाहेर अंगणात तीन दगडांची चूल पेटली होती आणि आत्याबाई मोबाईल कानाला लावून ओरडून बोलत होत्या, रत्नागिरीपर्यंत आवाज पोचावा म्हणून असेल. "विहीनबाई, तुमची पोर जेवत न्हाई. राग मागून धरा. आधी खोबरं किती घालायचं ते सांगा." मग त्यांनी आत येऊन फोन माझ्या उशीवर ठेवला. पलीकडे आई रडत होती आणि रडता रडता हळद, मिरची, आमसुलं सांगत होती. लग्नानंतर पहिल्यांदा तिचा आवाज ऐकला मी.

आई बजावत होती, उकळी आली की लगेच उतरवा. पण आत्याबाईंनी आयुष्यात मासा शिजवला नव्हता. पोटुशीच्या पोटात कच्चं जायला नको म्हणून त्यांनी ते तुरीच्या डाळीसारखं रटरट शिजवलं, वर पळीने घोटलं. बांगडा विरघळून गेला आणि काटे सगळीकडे झाले. पातेल्यात बघून त्यांनी पळी खाली ठेवली. "नासलं गं सगळं."

मग ताट मांडीवर घेतलं, पदर नाकाला लावला आणि बोटांनी चाचपून एकेक काटा काढायला लागल्या. जन्मभर ते हात वशाटाच्या पातेल्याला शिवले नव्हते. निवडलेला घास भाकरीबरोबर माझ्या तोंडात घालायच्या आणि पुढचा निवडायला घ्यायच्या. आईच्या कालवणाची सर त्याला नव्हती, खोटं कशाला बोलू. पण ते पोटात राहिलं.

"माझ्यासाठी माळ काढलीत?" मी विचारलं.

"ती घालून ह्याला हात लावता येत न्हाई," त्या म्हणाल्या. पुढचा काटा काढत म्हणाल्या, "सुनीलच्या येळंला मला गूळ खावा वाटायचा. दिसभर ऊस तोडत हुते, पन गुळाचा खडा कोनी दिला न्हाई. कोनी इचारलंच न्हाई."

पुढे बाळंत होईपर्यंत त्या झाकणाच्या डब्यातून मासे आणत राहिल्या. तरी केडगावात कळायचं ते कळलंच. भजनाला त्या आपणहून शेवटच्या रांगेत, चपलांजवळ बसायला लागल्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "भिंतीला टेकायला बरं पडतं." पुढच्या रांगेतली त्यांची जागा दुसऱ्या कुणी घेतली.

निकिता झाली, चांगली गुटगुटीत. आई पोतंभर नारळ घेऊन बारशाला आली. त्यानंतर आत्याबाई खिळ्यावरची माळ घेऊन देवळात भजन सांगणाऱ्या महाराजांकडे ती परत घालून घ्यायला गेल्या. भजनाची वेळ होती, मीही निकिताला घेऊन बरोबर होते. महाराज मायेने म्हणाले, "मुक्ताबाई, इथून पुढे वशाटाला हात लावणार नाही, एवढं देवासमोर बोला आणि माळ घाला."

आत्याबाईंनी हात जोडले, डोळे मिटले. मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं.

"न्हाई बोलता येत, महाराज," त्या म्हणाल्या. "उद्या हिला दुसरं ऱ्हायलं तर काटं कोन काढील?"

त्यांनी निकिताला माझ्याकडून घेतलं आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या. मी त्यांच्या शेजारी बसले. त्या दिवशी मला देवाकडे काहीच मागावंसं वाटलं नाही.