उसने डोळे

गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीचं दुकान चालवणारी बाई सत्तरीला टेकली, तरी घरात ती धाकटीच. थोरली लहानपणी एकाएकी गेली. तिचा फोटो नव्हता, आणि ताई कशी दिसायची असं विचारलं की आई तोंडाला कुलूप लावायची. जगाच्या कपड्यांच्या चुण्या मोडल्या, मनातली ही एक मात्र धाकटीला मोडता आली नाही. नव्वदी ओलांडलेली आई आहे तोवर ताईचा चेहरा कळायला हवा होता.

म्हातारा चित्रकार वारला. त्याच्या पुतण्याने घरात पडून राहिलेली चित्रं व्हरांड्यात मांडली, ज्याचं माणूस त्याने ओळखून न्यावं म्हणून. चित्रकाराची रीत सगळ्यांना ठाऊक होती. घरात कोणी गेलं की त्याला बोलवायचे. चेहरा तो मेलेल्याचा काढायचा, पण मिटलेले डोळे भिंतीवर कोण लावणार? मग सख्ख्यांपैकी कोणाला तरी समोर बसवून त्याचे डोळे त्यात भरायचा. जिवंताचं चित्र त्याने जन्मात काढलं नाही.

"एवढी पोर उरलीय, मावशी," पुतण्या म्हणाला. "कोणीच ओळखेना."

धाकटीने पाहिलं आणि तिला रडूच फुटलं. चेहरा घरच्याच वळणाचा. ताई! मग तिची नजर ओठावर गेली. वरचा ओठ डावीकडे शिवलेला होता. असा ओठ घरात तिचा एकटीचाच. तिने स्वतःच्या ओठावरून बोट फिरवलं. चेहरा तिचा होता. घारे डोळे मात्र तिचे नव्हते.

चित्र घेऊन ती थेट आईच्या खाटेशी गेली.

"कुठून आणलंस हे?" आईने तोंड फिरवलं.

"मी मेले होते का गं?"

आई भिंतीकडे बघतच बोलली.

"सगळे तसंच म्हणाले. ताईला समोर बसवलं. डोळे काढून होतायत तोच तू पाणी मागितलंस. मी वेडीच झाले, तुला छातीशी धरून बसले."

"आणि ताई?"

"वळून बघितलं तेव्हा ती बसल्या जागीच गेलेली. कधी गेली, कळलंच नाही गं मला."

धाकटीने डोळे तेवढे सोडून चित्रातला आपला चेहरा तळव्याने झाकला. वर नुसती ताई राहिली. तिची नजर चित्रकाराकडे नव्हती. ती कडेला वळलेली होती, आई बसली असेल तिथे, आणि आईने इकडे बघावं म्हणून थांबलेली होती.