मामांची गाळणी

माझ्या मामांइतका गाळणीवर विश्वास असलेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा झाला नसेल. चिकलठाण्याला कारखाने उभे राहत होते तेव्हा फुलंब्रीची शेती भावाच्या गळ्यात मारून मामा तिथं लागले. काम एकच: मशीनमधून आलेलं काळं तेल गाळायचं आणि परत मशीनला पाजायचं. ते डोक्यात असं भिनलं की घरी चहा दोनदा गाळला जाई, दूध तीनदा, आणि मामींचं ताक फडक्यातून जाऊन बिचारं पाणी होऊन बाहेर येई. गुलमंडीत मलमल घेताना ते कापडाला तोंड लावून फुंकर मारून बघत. दुकानदार वैतागायचा, "भाऊ, सदरा शिवायचाय का पीठ चाळायचंय?"

विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटला तेव्हा मामा बातम्याही गाळायला लागले. कुणी धापा टाकत काही सांगायला आला की त्याला ओट्यावर बसवायचे. "तू सोत्ता बघितलं का? नाय ना? मग पाणी पी, गाळ खाली बसू दे." एकदा त्यांच्याच पाळीतल्या दलित सोबत्याबद्दल गल्लीत नाही नाही ते उठलं. मामा सायकल काढून थेट त्याच्या घरी गेले आणि परत येऊन चौकात म्हणाले, "आत्ता जेवून आलो त्याच्याकडं. वरण लई मस्त. फक्त चहा एकदाच गाळला व्हता."

मामांच्या पापण्यांवर पिवळे डाग होते, टाचेमागं गाठी. आजोबांनाही होत्या, ते चाळिशीतच गेले. आम्ही खुळे त्याला घराण्याची खूण म्हणायचो! दौलताबादच्या पायऱ्यांवर मामांच्या छातीत कळ आली, तेव्हा कॉलेजात सायन्स शिकणारी मी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, "रक्तात चरबी फार आहे, पिढीजात. हृदयाच्या नळ्या बुजत चालल्यात. गोळ्या घ्या, पण त्यांनी पुरतं भागेल असं नाही."

मामांचा चेहरा उजळला. "मंग बाहेर काढून गाळा की, डॉक्टरसाहेब! चरबी ठिवा तिकडं, बाकीचं परत घाला. मशीनचं मी रोज करतो."

डॉक्टर नुसते हसले. मी मात्र पोट धरधरून हसले. "अहो मामा, तुम्ही काय मशीन आहात?" वर घरी येऊन सगळ्यांना नक्कल करून दाखवली. मामाही हसले. पण पुढं दवाखान्याचं नाव काढलं की म्हणायचे, "नको बाई. आमाला काय कळतंय त्यातलं." गोळ्या कोनाड्यात तशाच राहिल्या. पुढच्या उन्हाळ्यात मामा कारखान्यातच, पाळी चालू असताना गेले. मी तेव्हा हसायला नको होतं, हे मला आजही रोज वाटतं.

आईकडून ती खूण माझ्याकडेही आली. गोळ्या पुरेनात, म्हणून हल्ली दर पंधरा दिवसांनी पुण्याला जाते. एका हातातून रक्त मशीनमध्ये जातं, चरबी तिथं राहते, बाकीचं दुसऱ्या हातातून परत येतं. पहिल्या दिवशी नर्स म्हणाली, "घाबरू नका काकू, रक्त फक्त गाळायचंय."

"माहीत आहे," मी म्हटलं. "माझ्या मामांनी फार पूर्वीच सांगितलं होतं. कारखान्यात तेल गाळायचे ते."

पोरगी खळखळून हसली. तिचं काय चुकलं? माझे डोळे मात्र भरून आले, आणि दोन्ही हात मशीनला अडकलेले, पुसताही येईनात.

"सुई दुखतेय का काकू?" तिनं विचारलं.

"व्हय," मी म्हटलं.